तिला अकोल्यात खोली हवी होती

दहा वर्षांनी टांझानियातून अमरावतीला परत आलो, तेव्हा भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला. "तिकडं भीती नाई वाटली तुमाले?"

सोफ्यावर बसून, चिवड्याची बशी मांडीवर घेऊन लोक हे विचारायचे. तिथे पाऊस कधी पडतो, भाजी कोणती मिळते, मुलाची शाळा कशी होती, शेजारी कोण होते, यातलं काही कोणी विचारलं नाही. माझ्या एका चुलतसासूबाईंनी विचारलं, "तिथं पक्के घरं रायतात काय?" नवऱ्याच्या मामेभावाचा मुलगा अमेरिकेत आहे. तो सुटीवर आला की त्याच्याभोवती सगळं खानदान गोळा होतं, त्याच्या तिथल्या बर्फाचे फोटो हातोहात फिरतात. आमची दहा वर्षं मात्र 'तिकडं' या एका शब्दात संपायची. आफ्रिका म्हणजे परदेश नाहीच, अशी सगळ्यांची खात्री होती.

पहिले काही महिने मी हसून उत्तरं दिली. मग उत्तरं देणं सोडलं. पुढे जे झालं त्यानंतर मला हसू येणंही बंद झालं. ते नीट सांगायचं तर मला आधी आम्ही तिकडे कसे गेलो इथपासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. दोन्ही घरं बौद्ध, दोन्ही घरांत पहिली शिकलेली पिढी म्हणजे आमच्या वडिलांची. मी अमरावतीत एका शाळेत शिकवत होते आणि नवरा जिनिंगमध्ये फोरमन होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींचा आवाज नुसता ऐकून कोणता रोलर घासतोय हे तो सांगायचा. इथले जिनिंग एकेक करून बंद पडत होते. त्याच सुमारास एका कंपनीने भारतातल्या मशिनी टांझानियात नेऊन बसवल्या आणि त्या चालवायला माणसंही इथूनच न्यायची ठरवली. आमचा मुलगा तीन वर्षांचा होता. मी नोकरी सोडली आणि आम्ही निघालो.

गाव होतं शिन्यांगा. विमान, मग दुसरं विमान, मग अख्खा दिवस गाडी. वाटेत एका ठिकाणी नवऱ्याने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, खाली उतरून रस्त्याच्या कडेची माती मुठीत घेतली आणि मला दाखवली. काळी, चिकट, भेगा पडलेली. "ही तं आपलीच माती हाये," तो म्हणाला. मूर्तिजापूरच्या पुढे शेत पाहावं तसंच ते शेत होतं. फक्त कापूस फुटायचे दिवस उलटे. आपल्याकडे पेरणीची घाई असते तेव्हा तिकडे वेचणी चालते.

कंपनीच्या आवारात भारतीय कुटुंबांसाठी घरांची एक ओळ होती. कोणी गुजरातचे, कोणी आंध्रचे, कोणी उत्तर प्रदेशातले. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरच्या बायकोने मला चहाला बोलावलं. आम्ही मागच्या ओट्यावर बसलो होतो. कपडे धुणारी बाई काम आटपून आली. माझ्या आईच्या वयाची असेल. नळाजवळ भिंतीच्या कोनाड्यात एक प्लास्टिकचा मग उपडा ठेवलेला होता. तिने तो स्वतःच उचलला, विसळला आणि पुढे धरला. मॅनेजरच्या बायकोने किटली उंच धरून वरून चहा ओतला. मगाला किटली लागू दिली नाही.

वरून ओतण्याची ती तऱ्हा मी याआधी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती, पण मला ती माहीत होती. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर असंच वरून पाणी वाढायचे. आजीने मला हाताची ओंजळ करून, मान वाकवून दाखवलं होतं की पाणी कसं प्यायचं आणि किती सांडायचं.

मी हिंदीत विचारलं, "ये मग अलग क्यों है?"

"इन लोगों का है," ती सहज म्हणाली. "बीमारी-वीमारी रहती है ना इनमें." मग थोडं थांबून तिने विचारलं, "आपका पूरा नाम क्या बताया था?"

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. ती "अच्छा" म्हणाली आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. त्यानंतर तिचं चहाचं बोलावणं मला कधी आलं नाही. त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. राग आला तो या गोष्टीचा, की समुद्र ओलांडून येताना वजनाच्या भीतीने आम्ही मुलाची खेळणी घरी ठेवून आलो होतो आणि या लोकांनी हे सामान मात्र जसंच्या तसं इथवर आणलं होतं. वर ज्यांच्या देशात आलो, त्यांच्याच माणसांवर ते वापरत होते.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "मी इथं राहणार नाही."

"गावात घर घेतलं तर लाईट-पाण्याचे हाल होतील," तो म्हणाला.

"होऊ दे."

त्याने पायातले बूट काढून भिंतीला लावले. मग म्हणाला, "मले बी इथं जमून नाई राहिलं."

महिन्याभरात आम्ही गावात घर घेतलं. पत्र्याचं छप्पर, पुढे पपईचं झाड. पहिल्या संध्याकाळी मी भांडी लावत होते आणि दारातून कोणी बाई ओरडत होती, "होडी, होडी." मला वाटलं, शिन्यांगाच्या नदीत तर प्यायला पाणी नाही आणि ही होडी कसली शोधतेय. दार उघडलं तर शेजारीण उभी. हातात झाकलेलं पातेलं. पुढे कळलं की 'होडी' म्हणजे 'आत येऊ का'. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. गल्लीत सगळे तिला 'मामा' म्हणायचे, कारण तिकडच्या भाषेत मामा म्हणजे आई. दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे बाबाच. अमरावतीला फोनवर मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. नवरा दिवसभर कारखान्यात. नर्सबाई सकाळी दवाखान्यात जाण्याआधी आणि आल्यावर मला बघून जायची, औषध तिच्या समोर घ्यायला लावायची. मुलाला तिने पहिल्याच दिवशी उचलून आपल्या घरी नेलं. त्याला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना त्याची येत नव्हती. नर्सबाईची मोठी मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. ती त्याला कापडात बांधून पाठीवर घेऊन फिरायची. मी बरी होऊन त्याला आणायला गेले, तर तो मक्याच्या पिठाची उगाली हाताने वळून खात होता आणि घरी यायला तयार नव्हता. आजारी बाईचं पोर आठवडाभर सांभाळलं, हे तिने पुढे कधी बोलूनही दाखवलं नाही.

हंगाम संपला की आम्ही फिरायचो. बसने म्वांझा, तिथून मोठ्या तळ्यातून जहाजाने बुकोबा, एकदा झांझिबारपर्यंत. नर्सबाईची मुलगी बरेचदा आमच्याबरोबर असायची. तिला प्रश्न फार. मी शाळेत शिकवलेलं सगळं तिच्यावर खर्च केलं. ती माझ्याकडून मराठी बाराखडी शिकली, मी तिच्याकडून बाजारात भाव करायला.

एकदा नर्सबाई आम्हाला तिच्या माहेरच्या खेड्यात घेऊन गेली. तिचे वडील कापसाचे शेतकरी. त्यांनी आपली खोली, आपला पलंग आम्हाला दिला आणि स्वतः बाहेरच्या झोपडीत गेले. संध्याकाळभर ते विचारत होते. तुमच्याकडे कापूस कोण वेचतं. बायकांना वेगळी मजुरी आहे का. बोंडअळी येते का. घरं कशाची असतात. लग्नात मुलीचे वडील गाई देतात की घेतात. मुलगी शेतीचं शिकू शकते का. नातीकडे बघत त्यांनी हे शेवटचं विचारलं होतं. त्या म्हाताऱ्याने एका संध्याकाळी अमरावतीबद्दल जेवढं विचारलं, त्याच्या पावपटही अमरावतीने टांझानियाबद्दल मला विचारलेलं नाही.

तिथे सगळे संत होते असं मी म्हणत नाही. बाजारात पोरं मागून "म्हिंदी, म्हिंदी" ओरडायची, म्हणजे भारतीय. एकदा बसमध्ये एका माणसाने मला ऐकवलं की तुम्ही लोक आमच्याकडे येऊन दुकानं घालता आणि आम्हाला माणूस समजत नाही. मला तो मग आठवला आणि मी त्याच्याशी भांडू शकले नाही. पण दहा वर्षांत कोणी मला घर नाकारलं नाही. आडनाव तर तिथल्या कोणी विचारलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण नाव सांगून पुढच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं विसरून गेले होते.

मग सासूबाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं आणि आम्ही परत आलो. बडनेरा रोडवर फ्लॅट घेतला. मुलगा तेरा वर्षांचा झाला होता. शाळेत त्याला पोरांनी पहिल्याच दिवशी जे नाव ठेवलं ते मी इथे लिहिणार नाही. तो मला घरी येऊन म्हणाला, "आई, मी तर इथलाच आहे ना?"

दोन वर्षांनी नर्सबाईचा फोन आला. मुलीला अकोल्यातल्या एका कॉलेजात शेतीच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. "भारतात दुसरीकडेही मिळत होता," ती म्हणाली, "पण तिथे तुझं माहेर आहे म्हणून अकोलाच घेतलं."

मी आनंदाने वेडी झाले. नागपूरला विमानतळावर आम्ही तिघंही गेलो. ती आता उंच, सडपातळ, एकवीस वर्षांची झाली होती. मला बघून वाकली आणि मराठीत म्हणाली, "नमस्कार, तुम्ही कशा आहात?" गाडीत बसल्यापासून ती कापसाची शेतं बघत होती आणि नवऱ्याला वाणांची नावं विचारत होती.

कॉलेजच्या होस्टेलमध्ये मुलींची जागा भरली होती, त्यामुळे बाहेर खोली घ्यायची होती. मला वाटलं, एका दिवसाचं काम आहे. अकोला माझं गाव. शिकवणीला, सिनेमाला, आईची औषधं आणायला ज्या रस्त्यांवर मी सायकल चालवली, तिथे मी तिला घेऊन फिरायला लागले.

पहिले एक निवृत्त सर होते. फोनवर सगळं ठरलं होतं. दार उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, तुमी फोनवर सांगितलं नाई."

"काय सांगायचं होतं?"

"नाई, मले काई प्रॉब्लेम नाई. पण वर फॅमिली राहून राहिली. लहान लेकरं हायेत, भेतील."

ती माझ्या बाजूला उभी होती. 'भेतील' हा शब्द तिला कळला नाही, आणि मी देवाधर्माची नसूनही मला कोणाचे तरी आभार मानावेसे वाटले.

दुसऱ्या घरी बाईंनी सांगितलं की आमच्याकडे मांसमच्छी चालत नाही. मी म्हटलं, ती खोलीत शिजवणार नाही. तर म्हणाल्या, त्यांच्या अंगाला वास असतो. हे मला, तिच्यासमोर, स्वच्छ मराठीत. मी विचारलं, "तुम्ही कधी जवळ गेला होता का अशा कोणाच्या?"  त्यांनी उलट विचारलं, "तुमचं आडनाव काय?" तिसऱ्या ठिकाणी घरमालकाने पोलिसांचं कारण सांगितलं. चौथ्या ठिकाणी ऐकवलं, तिकडच्या मुली रात्रीबेरात्री बाहेर राहतात, असं ऐकलंय. कोणाकडून ऐकलंय हे कोणी सांगत नव्हतं. रस्त्यात दोन पोरं मोटारसायकल हळू करून तिचा व्हिडिओ काढत होती. एका बाईने न विचारता आपलं मूल तिच्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढून घेतला. ती हसली. मला म्हणाली, "मामा, मी सिनेमात आहे असं त्यांना वाटतं का?"

दुपारी मी तिला माझ्या भावाकडे घेऊन गेले. माझा सख्खा धाकटा भाऊ. सरकारी नोकरीत आहे, चांगल्या कॉलनीत स्वतःचं घर आहे, वरच्या मजल्यावर जिना वेगळा असलेली खोली रिकामी आहे. खरं तर मी आधी त्याच्याकडेच जायला हवं होतं, पण घरच्या माणसावर ओझं नको म्हणून टाळलं होतं. वहिनीने पोहे केले, मुलीला आग्रहाने दोनदा वाढले. मी खोलीचं बोलले तसा भाऊ उठला आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेला.

"ताई, तू समजून घे. मी नाई म्हणून नाई राहिलो."

"मग काय म्हणून राहिला?"

"या कॉलनीत आपल्या लोकाइचे दोनच घरं हायेत. मी घर घेतलं तवा काय काय आयकलं ते तुले मायित नाई, तू तिकडं होती. आता कुठं लोक दिवाळीचा फराळ घिऊन येतात. त्याइले अजून एक बोट दाखवाले जागा काहून द्यायची?"

"ती एकवीस वर्षांची पोर आहे. तिच्या आईने माझं लेकरू सांभाळलं."

"मले मायित हाये ना. तिचं कॉलेजचं काई लागलं तं मी सुटी टाकून जाईन. पण इथं नको. लोक म्हणतीन, हे असेच, यायच्या घरी असेच लोक येतात."

 हे सगळं आज सकाळपासून मी ऐकत होते. बोलणारे वेगवेगळे होते पण बोलणं एकच होतं, आणि आता ते माझ्या आईच्या पोटातून आलेल्या माणसाच्या तोंडून येत होतं. ओंजळ करून पाणी कसं प्यायचं हे आजीने मला दाखवलं, तेव्हा तोही शेजारीच बसलेला होता. त्याची भीती मला कळत नव्हती असं नाही. कॉलनीत घर मिळवणं काय असतं ते मला पुरेपूर माहीत आहे. पण ज्याला दारात थांबवलं त्याने आत शिरल्यावर स्वतःच दारात उभं राहायचं, हे मला त्या दिवशी पटलं नाही आणि आजही पटत नाही.

"ठीक," मी म्हटलं. दुसरं काही बोलले असते तर वहिनीसमोर, त्या मुलीसमोर शोभा झाली असती.

ऑटोत बसल्यावर तिने विचारलं, "तो नाही म्हणाला?"

"हो."

"तो तुझा सख्खा भाऊ ना?"

मी ऑटोवाल्याला पुढचा पत्ता सांगितला.

खोली शेवटी जुन्या शहरात मिळाली, मोर्णा नदीच्या पलीकडे. नवऱ्याचा जिनिंगमधला जुना सोबती तिथे राहतो. मुस्लिम कुटुंब, खाली ते दोघं नवराबायको, वर एक खोली आणि छोटी गच्ची. त्याच्या बायकोने एवढंच विचारलं की गॅसवर शिजवणार की शेगडीवर, आणि सांगितलं की दहाला फाटक बंद होतं. ती बाई फार गोड होती असंही नाही. पाणी जास्त वापरते म्हणून ओरडायची. शेजारणींशी बोलताना मुलीचा उल्लेख 'ती काळी पोट्टी' असाच करायची. सात-आठ महिन्यांनी एके दिवशी मुलगी जिना उतरताना थांबली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, मले समजते." बाई ओशाळली. त्यानंतर ती तिला बेटी म्हणायला लागली, पाण्यावरून ओरडणं मात्र चालूच राहिलं. हे मला मुलीनेच सांगितलं, आणि सांगताना ती खरोखर हसत होती.

बाकी गोष्टी ती सांगायची नाही. शनिवारी-रविवारी अमरावतीला यायची, माझ्या मुलाचं गणित घ्यायची, त्याच्याशी त्यांच्या भाषेत तासन्तास बोलायची. पहिल्या वर्षी बाजारात कोणी फोटो काढला तर ती हसायची. दुसऱ्या वर्षी ती ओढणीने चेहरा झाकून चालायला लागली. "ऊन लागतं," म्हणाली. टांझानियाच्या मुलीला अकोल्याचं ऊन लागतं, हे पटल्याचं मी दाखवलं, कारण खरं काय ते तिला मला सांगायचं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी नांदगाव खंडेश्वरला नवऱ्याच्या पुतणीचं लग्न होतं. मी तिला नऊवारी नेसवून नेलं. तिने हौसेने केसांत गजरा माळला. मंगल परिणय झाला, सगळं कुटुंब फोटोसाठी उभं राहिलं. नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ फोटोग्राफरला म्हणाला, "तिले मागं उभी कर रे, नाई तं फोटोच काळा येईन." सगळे हसले. नवरीही हसली. मुलगी आता वऱ्हाडी उत्तम बोलत होती. फक्त तीच हसली नाही. मुकाट्याने मागे सरकायला लागली.

माझा नवरा कमी बोलणारा माणूस आहे. त्याने तिचा हात धरला, तिला स्टेजवरून खाली आणलं आणि मग वळून चुलतभावाला म्हणाला, "भाऊ, या पोरीनं माझं पोरगं पाठीवर बांधून वाढवलं. तुमी माझ्या पोराले दहा वर्षांत एक फोन नाई केला." आम्ही जेवायला थांबलो नाही. "मजाक बी समजत नाई यायले," असं मागून कोणीतरी बोललेलं ऐकू आलं. त्या घराशी आमचं तेव्हापासून बोलणं नाही. नात्यातले लोक मला समजावतात की एवढ्याशा गोष्टीवरून कोणी संबंध तोडत नसतं. गोष्ट केवढी होती हे ज्याचं तो ठरवेल. माझ्या लेखी ती मोठी होती.

तिची पदवी झाली. चांगल्या गुणांनी झाली. पुढचं शिक्षणही इथेच घे, असं तिला एका बाईंनी कॉलेजात सुचवलं होतं. ती परत निघाली तेव्हा विमानतळावर मी तिला विचारलं, "परत येशील ना?" ती माझ्या गळ्यात पडली. "तुझ्याकडे येईन," म्हणाली. भारतात येईन असं ती म्हणाली नाही. मी परत विचारलं नाही. आता ती तिकडे शेतकऱ्यांना बियाण्याची माहिती देत गावोगाव फिरते.

गेल्या वर्षी भावाचा फोन आला. त्यांच्या समाजमंदिरात जयंतीचा कार्यक्रम होता. "ताई, तू इतके वर्षं परदेशात होती. तिथले अनुभव सांग लोकाइले. दहा-पंधरा मिनिटं बोल."

"बोलते," मी म्हटलं, "पण मग तिला अकोल्यात खोली मिळाली नाही, तेही सांगीन."

 "तो विषय कायले? लोक खुशीत येतात तवा."

"मग दुसऱ्या कोणाला बोलव."

दोन दिवसांनी त्याने परत फोन केला आणि म्हणाला, "ये. बोल तुले बोलायचं ते." काय विचार करून म्हणाला, मला माहीत नाही. वहिनीने सांगितलं असेल, किंवा पत्रिका छापून झाल्या असतील.

मी गेले. मगाची गोष्ट सांगितली, त्या म्हाताऱ्याने दिलेल्या पलंगाची सांगितली, आणि खोलीचीही सांगितली. सर, मांसमच्छीवाल्या बाई, पोलिसांचं कारण. शेवटी म्हटलं, "पाचवं घर आपल्याच माणसाचं होतं." नाव घेतलं नाही. पण बऱ्याच जणांनी वळून भावाकडे पाहिलं, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा मला आणखीनच राग आला. सगळा समाज हे जाणत होता आणि मुलगी इथे असेपर्यंत एकानेही म्हटलं नव्हतं की आमच्याकडे खोली आहे. टाळ्या थोड्या वाजल्या. एक म्हातारे गृहस्थ उठून माझ्याजवळ आले आणि हात जोडून गेले.

संध्याकाळी भावाने मला स्कूटरवर बस स्टँडपर्यंत सोडलं.  अमरावतीची गाडी लागलेली होती. मी चढायला लागले तेव्हा तो म्हणाला, "बोलून टाकलं ना. आता बरं वाटते काय?"

"नाई," मी म्हटलं. "अजून राग हाये मले."

त्याने मान हलवली. पण निघून गेला नाही. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला, आणि मीही काच बंद केली नाही.